ईडी लावण्याचे दिवस

बातम्यांत ‘ईडी लावली’ असं ऐकलं की आमच्या पिढीतल्या काही जणांना पुढाऱ्याच्या आधी शाळेचा वर्ग आठवतो. आमच्या लहानपणी ईडी क्रियापदाला लागायची. ती लागली की क्रियापद निमूट भूतकाळात जायचं आणि तिथेच राहायचं. आता ती माणसाला लागते. माणूस कधी भूतकाळात जातो, तर कधी पक्ष बदलून पुन्हा वर्तमानात येतो. इंग्रजी व्याकरणात अशी सोय नव्हती.

आम्ही म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात शिकलेली पोरं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला. त्याआधी वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत सगळा एकच पसारा होता, आणि त्या पसाऱ्यात मराठी शाळेतली इंग्रजी पाचवीला सुरू व्हायची. तोवर एबीसीडी पाहिलेली ती ट्रकच्या नंबर प्लेटवर. वर्ष-दोन वर्षांत ‘टेन्स’ आले. दुपारच्या सुट्टीनंतर, डोळे पेंगत असताना, अख्खा वर्ग पाढ्यांच्या चालीवर क्रियापदं म्हणायचा : प्ले–प्लेड–प्लेड, वॉश–वॉशेड–वॉशेड, लुक–लुकेड–लुकेड. ‘गो–वेन्ट–गॉन’ हा वेगळा कारभार होता. त्यातलं प्रत्येक क्रियापद लहरी, प्रत्येकाची तिन्ही रूपं पाठ करा. त्या मानाने ईडीवाली क्रियापदं गरिबाला धरून होती. एकदा नियम कळला की हजारो क्रियापदं तुमची. आमच्या वाट्याला तेव्हा दुसरं काहीच इतक्या स्वस्तात येत नव्हतं.

पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आली. आता तर खेड्याखेड्यांतून पिवळी गाडी पोरांना गोळा करून कॉन्व्हेंटला नेते. (आमच्याकडे नर्सरीपासूनच्या कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे नन असो की नसो.) ही पोरं ‘वॉक्ट’ म्हणतात, ‘लुक्ट’ म्हणतात, ‘प्लेड’ म्हणतात आणि ‘वॉन्टेड’ मात्र पूर्ण म्हणतात. कुठे ट, कुठे ड आणि कुठे इड, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. कार्टून बघता बघता आलेलं असतं. नियम विचारा, सांगता येणार नाही. आम्हाला नियम यायचा आणि उच्चार येत नसे. यांना उच्चार येतो आणि नियम माहीत नसतो. दोघांपैकी कोणाचं बोलणं इंग्रजाला कळेल, हे उघड आहे.

नागपूरला कॉलेजात गेल्यावर या ‘वॉकेड’ने आमची फार शोभा केली. शहरातली पोरं हसायची. फार नंतर कळलं की आमची बाजू अगदीच लंगडी नव्हती. इंग्रजीत हा ‘एड’ एके काळी खरोखरच पूर्ण उच्चारला जायचा. हळूहळू त्यातला स्वर गिळला गेला. ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टला ते इतकं खटकलं, की इंग्रजी सुधारण्याबद्दल त्याने १७१२ साली ब्रिटनच्या खजिनदाराला, अर्ल ऑफ ऑक्सफर्डला, जे जाहीर पत्र लिहिलं, त्यात ‘डिस्टर्ब्ड’, ‘रिब्यूक्ड’ अशी आखूड रूपं वापरणाऱ्या कवींना त्याने चांगलं झोडपलं. मधला स्वर खाल्ला की व्यंजनं एकमेकांवर आपटून कानाला बोचतात, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मूल-सावली तालुक्यांतल्या शाळेत छाती फुगवून ‘डिस्टर्बेड’ म्हणणारी पोरं थेट स्विफ्टच्या पंगतीला बसलेली होती. स्विफ्ट हरला, आम्हीही हरलो. ‘लर्नेड’ आणि ‘ब्लेसेड’सारखी चार-दोन विशेषणं तेवढी अजून त्याच्या बाजूने उभी आहेत.

रूप चुकलं की शिक्षा लिहिण्याची. ‘वॉश’ची ईडी विसरली? शंभर वेळा लिहून आण. त्यावरचा उपाय वर्गात पिढीजात चालत आलेला होता. चार रेघी वहीत शब्द पुरा करून पुढच्या ओळीवर जायचंच नाही. आधी डब्ल्यू वरून खाली पानभर, मग त्याच्या शेजारी ए पानभर, मग एस, मग एच, आणि शेवटी ईडी, ईडी, ईडी अशी उभी रांग. हाताला एकच वळण पडायचं, काम झटपट उरकायचं. पाच-सहा ओळींनंतर रांग तिरपी व्हायला लागे, आणि पानाच्या तळाशी पोचेपर्यंत एच आणि ईडी यांच्यात बोटभर वाट पडलेली असे. शाई बोटाला, बोट सदऱ्याला. सरांना हे दिसत नसेल असं नाही. ते वही उघडायचे, पान तिरपं धरून त्या वाकड्या रांगेकडे बघायचे आणि खाली सही ठोकायचे. त्यांच्याही लहानपणी तीच युक्ती चालत असणार.

हे लिहिताना गळा दाटतो खरा, पण त्या गळ्यावर फार विश्वास ठेवू नये. छडी बांबूची असे, आणि बांबूला आमच्या जिल्ह्यात कधीच तोटा नव्हता. इंग्रजीचे सर दिवाळीनंतर बदली करून घेत आणि वार्षिक परीक्षेपर्यंत शेतीचे सर इंग्रजी शिकवत. त्यांचाही त्यात काही दोष नसे. दहावीला ३५ मार्कांसाठी ‘मार्च’ हुकला की ‘ऑक्टोबर’, ऑक्टोबर हुकला की पुन्हा मार्च. मधला उन्हाळा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर. त्यातले बरेच मग फळीवरच राहिले. अनेक मुली तर ऑक्टोबरला बसल्याच नाहीत, तोवर त्यांची लग्नं उरकलेली होती. स्मरणरंजन करतात ते सुटलेले लोक. अडकले त्यांना ‘वॉश–वॉशेड’ आठवून काय वाटतं, हे आमच्यापैकी कुणी जाऊन विचारलेलं नाही.

आता ऑक्टोबरची वारी संपली. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते, वर्ष वाया जात नाही. शंभर वेळा लिहायला लावलं तर पालक दुसऱ्या दिवशी शाळेत. आणि लिहायचंच कशाला? फोनवर तीन अक्षरं टाइप केली की पुढचा शब्द ईडीसकट हजर. आमच्या डोक्याला ताप होता तो अक्षर दुप्पट करण्याचा. ‘स्टॉप’ला ईडी लावताना पी दोनदा, ‘व्हिजिट’ला टी एकदाच. असं का, म्हणून विचारलं की ‘इंग्रजांना विचारा’ हे ठरलेलं उत्तर. कारण साधं होतं. लांब शब्दात जोर शेवटच्या तुकड्यावर असेल तर अक्षर दुप्पट, नसेल तर नाही. पण जोर कुठे हे कानाला कळायला तो शब्द कुणीतरी बोललेला ऐकावा लागतो, आणि आमच्या गावात इंग्रजी बोलत कोण होतं? त्यातही ‘ट्रॅव्हल’ने नियम मोडून दोन एल घेतलेले. ते आम्ही मार खाऊन पक्के केले. आज फोनवर तोच शब्द लिहिला की खाली लाल रेघ येते, कारण फोन अमेरिकन आणि अमेरिकेत एल एकच. इतक्या कष्टाने कमावलेला एल असा परस्पर काढून घेतलेला पाहून जीव तुटतो. आपण सेटिंगमध्ये जाऊन ‘इंग्लिश, युके’ करतो आणि उगाच बरं वाटतं.

एक नियम मात्र आमच्या भागात आता मोठ्याने म्हणवत नाही. शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल, तर वाय काढून तीन अक्षरं जोडायची. सर ओरडायचे, “क्राय! वाय काढा!” आणि वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, “आय-ई-डी लावा!” पुढे हीच तीन अक्षरं गडचिरोलीच्या बातम्यांत वेगळ्याच अर्थाने, पेरलेल्या स्फोटकांसाठी, येऊ लागली. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्या भागात शिकवणारा आमचा एक मित्र आता हा नियम शिकवताना ‘वायचा आय करा, मग ईडी लावा’ असं दोन तुकड्यांत सांगतो. नियम तोच. पोरांना फरक कळत नाही; आईबापांना कळतो.

आमच्या वर्गात एका बाकावर तीन-तीन भाषा बसत. सिरोंच्याकडचा पोरगा घरी तेलुगू बोले, कोरचीकडचा छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या निर्वासितांची पोरं बंगाली, आणि एटापल्ली-भामरागडचा माडिया. ईडी सगळ्यांना सारखीच परकी, हाच काय तो समान न्याय. आम्हा झाडीपट्टीच्या, झाडीबोली बोलणाऱ्या पोरांना तरी एक चोरवाट होती. ‘मी जाऊन रायलो’ म्हणजे चोख प्रेझेंट कंटिन्यूअस. पुस्तकातल्या ‘मी जात आहे’पेक्षा किती तरी जिवंत. ‘तू आला तवा मी जेवलतो’ म्हणजे पास्ट परफेक्ट, एका शब्दात. हुशार सर हे वापरायचे. ‘हॅड’ कुठे लावायचं? जिथे ‘आलतो-गेलतो’ येतं तिथे. संपला धडा. आणि त्याच तासाला एखाद्या पोराने ‘सर, पानी प्याले जाऊ का’ म्हटलं की तेच सर ‘शुद्ध बोल’ म्हणून डाफरायचे. ज्या बोलीने त्यांचा अर्धा तास वाचवला होता, तिलाच ते दाराबाहेर उभी करायचे. या बोलीलाही व्याकरण आहे, शब्दसंपदा आहे, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी अभ्यास करून मांडलं. पण आमची शाळा तोवर सुटलेली होती.

माडिया पोराला ही चोरवाटही नव्हती. त्याला मराठीच परकी. ‘भूतकाळ’ म्हणजे काय, हे समजावायला सर जी भाषा वापरत, तीच त्याला आधी शिकायची होती. हेमलकशाला लोकबिरादरीची आश्रमशाळा निघाली ती १९७६ साली. सरकारी आश्रमशाळांतूनही पोरं असत. त्यातली कित्येक सुट्टीला गेली की परतत नसत, काही मध्येच जंगलवाटेने घर गाठत. आम्ही अशा पोराला ‘पळपुटा’ म्हणायचो. खरं तर वर्गातल्या त्या अख्ख्या कारभाराबद्दलचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय त्यानेच दिला होता.

आता काही आदिवासी पोरं सरकारी योजनेतून शहरातल्या नामांकित निवासी शाळांत जातात आणि सुट्टीत फाडफाड इंग्रजी बोलत घरी येतात. आजीशी बोलताना मात्र अडखळतात. उलट, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. तिच्या मान्यतेचा वाद पार कोर्टापर्यंत गेला. आमच्या काळी असा वाद झाला नाही, कारण असं काही मागता येतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ईडीचा खरा दरारा मात्र शाळेबाहेर होता. गावात तार आली की वाचायच्या आधीच बायका रडायला लागत. तार इंग्रजीत, म्हणून ती घेऊन कुणीतरी शाळेत धावत यायचं. वर्ग थांबायचा. सर चष्मा लावून तो मळकट कागद मनात वाचायचे, आणि आमचे डोळे कागदावर नसून त्यांच्या ओठांवर असत. ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही कळायचा. तारेत शब्दागणिक पैसे लागत, त्यामुळे ‘हॅज’ नाही, ‘वॉज’ नाही. कर्ता आणि ईडी लावलेलं उघडं क्रियापद. ‘रीच्ड सेफली’ आलं की मात्र सर हसून मोठ्याने वाचायचे, नि तार आणणाऱ्याला कुणीतरी चहा पाजायचं. नियमित क्रियापदाचा इतका नेमका उपयोग आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकाने दाखवला नाही.

जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. बंद झाली ते बरंच झालं. तार पोचेपर्यंत माती उरकलेली असे, लेकाला बापाचं तोंड दिसत नसे. आता भामरागडहून पुण्याला बातमी दोन मिनिटांत जाते, टॉवर चालू असेल तर. फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, खाली ‘आरआयपी’ची रांग लागते. त्या तीन अक्षरांत कर्ता नाही, काळ नाही, आणि लिहिणाऱ्याला थांबावंही लागत नाही. ‘एक्स्पायर्ड’ अजून येतं, रोज येतं. पण ते रिचार्ज संपल्याचं असतं. आमच्या आजीला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं बाई, प्लॅनच मेला.

दुसरा दरारा पाट्यांचा. १९२७ च्या वन कायद्याने आमचं अर्धं जग ‘रिझर्व्ह्ड’ आणि उरलेल्यातलं बरंचसं ‘प्रोटेक्टेड’ करून ठेवलं होतं. वाचता येऊ लागल्यावर वर्गाबाहेर भेटलेल्या पहिल्या ईड्या या जंगलाच्या कडेच्या. त्याच जंगलात मोह वेचायला आणि सरपणाला जायचं असे, त्यामुळे शब्दाचा अर्थ शिकवावा लागला नाही. आणि बल्लारपूरकडे रेल्वेच्या, खाणीच्या कुंपणावर तो भयंकर शब्द : ‘प्रॉसिक्यूटेड’. पाटीवरच्या वाक्यात ‘विल’ आहे म्हणजे भविष्यकाळ, मग शेवटी भूतकाळाची ईडी कशी, असं एकाने सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, ती थर्ड फॉर्म आहे, पॅसिव्ह आहे, ‘रावण वॉज किल्ड’ मधली. आम्ही त्यावरून एवढंच ताडलं की कुंपण ओलांडणाऱ्याचं रावणासारखं काहीतरी होतं.

आज इतक्या इंग्रजीत राहूनही आमच्या जिभेला ईडी लागत नाही, ही त्यातली गंमत. आम्ही मेसेज ‘सेंड केला’, फोटो ‘डिलीट केला’, गाडी ‘पार्क केली’, फॉर्म ‘सबमिट केला’. मराठीने इंग्रजी क्रियापद उचललं, त्याला ‘करणं’ जोडलं आणि भूतकाळाचं ओझं ‘केला-केली’वर टाकून मोकळी झाली. ‘सेंड’चं ‘सेंट’ होतं, हे पाठ करता करता आमची बालपणं गेली, आणि आता सगळी क्रियापदं, लहरी आणि गरीब, एकाच रांगेत मुकाट उभी आहेत. ‘म्या मेसेज सेंड केलता ना बे’ या वाक्यात पास्ट परफेक्ट आहे, इंग्रजी आहे, झाडी आहे, आणि व्याकरणाचा तास कुठेच नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार जुने वर्गबंधू ताडोब्याला गेलो. महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. आमच्या लहानपणी तिकडे पाहुणे कमी आणि लाकूडतोडे जास्त जात. आता मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सींची रांग असते आणि आसपासच्या गावांतली पोरं गाइड म्हणून असतात. आमच्या गाइडचं शिक्षण बारावी, इंग्रजी ऐकून ऐकून केलेली. शेजारच्या जिप्सीत परदेशी जोडपं होतं. त्यांच्या गाइडला खोकल्याने बोलवेना, म्हणून हाच त्यांना सांगत होता. वाघीण इथून ‘क्रॉस्ड’, मग पाण्याकडे ‘वॉक्ट’, मग त्या झाडाखाली ‘सिटेड’. ती दोघं मान डोलावत होती, माना वळवून झाड शोधत होती, दुर्बिणी वर गेल्या होत्या. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात २००७ साली आलेल्या एका अभ्यासात म्हटलं होतं, की जुन्या इंग्रजीतल्या १७७ लहरी क्रियापदांपैकी आज ९८च लहरी उरली, बाकीच्यांना काळाच्या ओघात ईडी लागली. ‘हेल्प’चं रूपही एके काळी ‘हेल्प्ड’ नव्हतं. तेव्हा हा पोरगा चुकत होता की काही शतकं पुढे होता, हे सांगणं अवघड आहे.

पण आमच्यातला एक जण आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेला. त्याला राहवेना. ती जिप्सी पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, “बाबू, सिटेड नाही रे. सॅट.”

“मालूम हाय ना सर,” पोरगा मागे न वळता म्हणाला. “पन सॅट म्हनलं का त्याहिले सॅटरडे वाटते. सिटेड म्हनलं का बराबर समजते.”